चुलीमागं एक पाळी

"गट नंबर?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं.

"नाही म्हणजे? माहीत नाही, की नाहीच?"

"न्हाईच. जमीनच न्हाई, तर तिला नंबर कुठला असायचा?"

मारुतीच्या देवळापुढं तलावाच्या पाण्याची बैठक भरली होती. टेबलामागं पाटबंधाऱ्याचे भोगावकर साहेब बसले होते, नुकतेच बदली होऊन आलेले. त्यांच्या एका बाजूला सरपंच संपतराव मोहिते, दुसऱ्या बाजूला आमच्या पाणी संस्थेचे अध्यक्ष नाना गलांडे. साहेबांपुढं नावांची यादी होती आणि तिच्यावरून त्यांचं पेन खाली सरकत होतं. ते माझ्या नावापाशी येऊन अडलं, तसं मोहित्यांच्या मिशीत हसू आलं. ते मी तेव्हाच बघून ठेवलं.

"मग या बाईला पाणी कशाचं देता तुम्ही?" साहेबांनी नानांना विचारलं.

नाना घसा साफ करून म्हणाले, "आमच्या गावात पाणी जमिनीमागं न्हाई, साहेब. चुलीमागं हाय. एक चूल, एक पाळी."

"चुलीमागे?" साहेबांनी चष्मा काढला. समोरचा माणूस खुळा आहे की आपण, हे न कळल्यावर माणूस जसा बघतो तसे ते नानांकडं बघत राहिले.

त्यांचंही बरोबर होतं. ही आमच्याच गावची रीत. तलाव झाला तो मोठ्या दुष्काळात, रोजगार हमीच्या कामावर. तेव्हा गलांड्यांच्या बायका आणि आमच्या वस्तीच्या बायका एकाच उन्हात खडी फोडत होत्या, कारण पोटाला जमीनवाला आणि बिनजमिनीवाला कळत नाही. पुढं पाऊस झाला, तलाव भरला आणि लगेच जमीनवाल्यांचे बोटांवर हिशेब सुरू झाले, मला इतकं एकर, तुला तितकं. तेव्हा नाना भर बैठकीत उभे राहिले होते. ते म्हणाले होते, घाम काय सातबाऱ्यानं गाळला का? माणसांनी गाळला. ज्या चुलीनं माणूस कामावर पाठवला त्या चुलीला पाणी. त्या दिवशी नाना मला देवासारखे वाटले होते, हे कबूल करते.

ज्याला जमीन, तो आपली पाळी आपल्या रानाला घ्यायचा. ज्याला नाही, तो पडीक रान असलेला माणूस गाठायचा आणि म्हणायचा, जमीन तुझी, पाणी माझं, राबू दोघं, पीक निम्मं निम्मं. आता पाणी चुलीमागं म्हटल्यावर गावाच्या अंगात आलेल्या अकला काय सांगू? जन्मभर एका ताटात जेवलेले भाऊ आठवड्यात वेगळे निघाले. बाप-लेकांच्या दोन चुली झाल्या. मग नानांनी पंच नेमले. पंच न सांगता घरात शिरायचे आणि चुलीच्या राखेत हात घालून बघायचे. राख ऊन असली तर चूल खरी. मोहित्यांनी जादा पाळीसाठी गोठ्यात एक चूल मांडली होती. पंचांनी आत हात घातला, तर तिथं खुडूक कोंबडी अंडी उबवत बसलेली. तिनं हाताला चोच मारली म्हणून कळलं तरी. गाव महिनाभर हसत होतं आणि मोहिते तेव्हापासून चुलीच्या नावानं दात खात होते.

माझी चूल मात्र खरी होती. नवरा सुरतेला कामाला गेला तो तिकडचाच झाला. सासरी जावेच्या हाताखाली उष्टी काढण्यापेक्षा मी वस्तीच्या कडेला छप्पर घातलं आणि तीन दगड मांडले. पंच आले, नानांनी स्वतः राख बघितली आणि सुंदरा मदने या नावावर एक पाळी लागली. जन्मल्यापासून माझ्या नावावर झालेली ती पहिली गोष्ट होती. जमीन नव्हती, घर नव्हतं, नवरा असून नसल्यासारखा. पण तलावातल्या पाण्याचा एक वाटा माझा होता आणि तो मागायला मला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं.

त्याही साली नानांच्याच माळावर आम्ही निम्म्यानं जोंधळा केला होता. रान त्यांचं, पाणी माझं. जोंधळा पोटरीला आला होता. एक पाणी मिळालं की कणसं दाण्यानं भरणार, नाही मिळालं तर नुसता कडबा. पाळी दोन दिवसांवर आली होती आणि नेमके तेव्हाच भोगावकर साहेब आले होते.

"हे नियमात बसत नाही," साहेब म्हणाले. "पाणी मंजूर होतं ते जमिनीला. माणसाला नाही, चुलीला तर नाहीच. ज्यांना गट नंबर नाही त्यांची नावं कमी होतील. उद्यापासून पाळ्या सातबाऱ्याप्रमाणे सुटतील आणि गेटची चावी सरपंचांकडे राहील."

पेन यादीवरून फिरलं. आमची सगळी वस्ती त्या एका फेऱ्यात गेली. मोहित्यांची डाळिंबं तलावाच्या बांधाखालीच होती, पहिली पाळी त्यांचीच लागली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मी नानांकडं बघितलं. मला वाटलं, आता उभे राहतील. नानांनी नुसतं उपरणं झटकलं आणि ते म्हणाले, "सरकार हाय. तलाव त्येंचा हाय. आपून काय बोलायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बैठक उठली होती.

संध्याकाळी नाना आमच्या वस्तीच्या तोंडापर्यंत आले. पंचाच्या कामाखेरीज आत यायची त्यांची पद्धत नव्हती. लिंबाखाली उभे राहून त्यांनी हाक मारली आणि मी गेले.

"म्या साहेबाशी बोललोय," ते म्हणाले. "माणूस वाईट न्हाई. तुझी पाळी तो माझ्या गटावर लावायला तयार हाय. कागदावर माझा गट, पाणी तुझंच. जोंधळा वाचतोय."

"आनि कोंडाबाईचं पाणी? बाकीच्या बायांचं?"

"सगळ्यांचं कुठनं जमायचं? तुझं तरी वाचंल."

"नाना, पुढल्या साली तुमचा थोरला म्हणाला, गट आमचा तर पाणीबी आमचंच, मग म्या कुणाकडं बगू?"

"म्या हाय की."

"तुमी किती वर्सं हाय?"

असं बोलायला नको होतं, असं आता वयामुळं वाटतं. तेव्हा वाटलं नाही. नानांचा चेहरा एवढा एवढासा झाला.

"सुंदरा, नाकापेक्षा मोती जड करू नगं," ते म्हणाले. "तुझ्या हट्टापायी उभं पीक जळंल. निम्मं माझंबी हाय त्यात."

"तुमचं निम्मं जळंल ते पुढल्या साली पिकंल, नाना. रान तुमचं हाय. माझी पाळी एकदा तुमच्या गटात शिरली की ती परत भायेर येत न्हाई. मी न्हाई देत."

"मग बस चूल फुंकत," नाना म्हणाले आणि काठी आपटत निघून गेले.

पुढं आम्ही जे केलं, त्याला शब्द त्यांचेच. सकाळी कोंडाबाईच्या छपरात बसलो होतो तेव्हा ते मी तिला सांगितले. कोंडाबाई वस्तीतली सगळ्यांत म्हातारी. खडीच्या कामावर तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती आणि जीभ त्यामुळं दुप्पट धारदार झाली होती. भाकरी उलटत ती म्हणाली, "त्या साहेबानं जलमात चूल बगितलीय का? आयतं ताट बगितलं आसंल."

"बगितली नसंल तर दावूया की," मी म्हटलं.

तलावाच्या बांधाला खाली लोखंडी गेट आहे. वर बांधावरून चक्र फिरवलं की ते उचललं जातं आणि पाणी गेटातून थेट पाटाच्या मोठ्या चारीत पडतं. गेट बंद असलं की चारी ठणठणीत कोरडी. आम्ही वस्तीच्या सगळ्या बाया आपापले तीन दगड पाटीत घालून निघालो. तवे, परात, पीठ, सरपण, सगळं डोक्यावर. चारीच्या तळाला, गेटाच्या तोंडासमोर, ओळीनं चुली मांडल्या आणि पेटवल्या. धूर वर चढला तसं गाव बांधाकडं धावलं.

सगळ्यांत आधी आला तो पाटकरी, इलाही मुलाणी. पाणी सोडणं आणि फिरवणं हे त्याचं काम. मोहित्यांकडून गेटची चावी घेऊनच तो आला होता. बांधावरून वाकून बघत तो म्हणाला, "सुंदराक्का, ह्ये काय वं?"

"सैपाक."

"चारीत?"

"घरात धूर हुतोय."

इलाहीनं चावी खिशात घातली आणि तो बांधावर मांडी घालून बसला. मागोमाग मोहिते आले, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत.

"सोड रं पाणी," ते इलाहीला म्हणाले. "भिजल्या की पळत्यात."

"सरपंच, पेटल्या चुलीवर पाणी सोडू?"

आमच्या भागात पेटत्या चुलीत कुणी पाणी ओतत नाही. जाळ मागं ओढतात, निखारे राखेत दडपतात, पण पाणी नाही. घरातलं माणूस गेलं तरच चूल थंड करायची. दुसऱ्याच्या चुलीवर पाणी ओतलं तर ते ओतणाऱ्याच्याच घराला लागतं, अशी सगळ्या पंचक्रोशीची समजूत. ही रीत आम्हाला ठाऊक होती आणि मोहित्यांनाही होती.

"तुला काय त्येचं?" मोहिते इलाहीवर खेकसले. "ही आमच्यातली रीत."

"आमच्या घरात काय भाकरी आभाळातनं पडती व्हय?" इलाही म्हणाला. "माझ्या हातनं न्हाई व्हायचं. ही घ्या चावी. तुमी फिरवा."

मोहित्यांनी चावी घेतली, कुलूप काढलं, चक्राला हात घातला. बांधावर माणसांची रांग लागली होती. खाली आम्ही कुणी उठलो नाही. हातातली भाकरी मी थापत राहिले. तेवढ्यात कोंडाबाईनं मान वर केली.

"फिरव की, संपत," ती म्हणाली. "थोरल्याचं लगीन जमतंय न्हवं औंदा? लोक ईचारत्याल, कंच्या घरात पोरगी दिली. म्हंतील, गावाच्या चुली इझवल्या त्या घरात."

वर कुणीतरी हसलं. मोहित्यांचे हात चक्रावर होते, दंडाच्या शिरा ताठ झाल्या होत्या, पण चक्र जागचं हललं नाही. थोड्या वेळानं त्यांनी हात काढले, धोतराला पुसले आणि आपल्या जीपच्या दिशेनं चालते झाले.

पाळी कुणाचीच सुटली नाही. आम्ही तिथंच रांधायचो, तिथंच जेवायचो. जाळ जागता राहावा म्हणून दोघी-दोघी चुलींपाशी निजायच्या. जमीनवाले यायचे, आधी गोडीनं बोलायचे, मग शिव्या द्यायचे. त्यांचीही पिकं तहानलेली होती, त्यांचं खोटं नव्हतं. एक जण म्हणाला, तुमच्यापायी आमचा हरभरा जळतोय. कोंडाबाई म्हणाली, साहेबाला दाखव, त्याला नंबर हाय.

माझी पाळी होती तो दिवस तसाच कोरडा गेला. दुपारी मी माळावर जाऊन आले. जोंधळ्याची पानं सुरळीसारखी वळली होती. पोटरीतलं कणीस बाहेर यायला बघत होतं आणि अडकलं होतं. बांधावर बसून मी रडले, पोटभर रडले. मला सोपी वाट दिली होती आणि मी ती नाकारली होती. आता वर्षभर काय खायचं? मग डोळे पुसले आणि परत चारीत येऊन बसले, कारण माझं पीठ मळून ठेवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब जीप घेऊन आले. बरोबर मोहिते होते आणि एक हवालदार होता. बांधावर नाना गलांडेही येऊन उभे होते, आपल्या भावकीच्या माणसांत. माझ्याकडं ते बघत नव्हते.

"बाई, तुम्ही सरकारी कामात अडथळा आणताय," साहेब वरून म्हणाले.

"आमी कुठं अडवलंय, साहेब? गेट तुमचं, चावी तुमची, पाणी तुमचं. सोडा."

साहेबांनी हवालदाराकडं बघितलं. हवालदारानं चुलींकडं बघितलं आणि मग तलावातल्या बदकांकडं. तोही कुठल्यातरी गावचाच होता. शेवटी साहेब स्वतःच बांध उतरून खाली आले. त्यांच्या बुटांवर राख उडाली, पण त्यांनी ती झटकली नाही.

"ऐका," ते हळू आवाजात म्हणाले. "मी येताना तुमचा जोंधळा बघितला. अजून वाचेल. नानांच्या गटावर तुमची पाळी लावतो, आजच, आत्ता पाणी सोडतो. बाकीच्यांचं वर लिहून विचारतो. शब्द देतो."

ते खरं बोलत होते. आज इतक्या वर्षांनीही मला तसंच वाटतं. आजूबाजूच्या चुलींवरचे हात थांबले होते.

"साहेब," मी म्हटलं, "नानांच्या गटावर नानांची पाळी हाय. माझी माझ्या चुलीवर हाय. ती तितनं हलत न्हाई."

"चुलीला कायद्यात जागा नाही हो."

"मग आमालाबी न्हाई म्हणा. पर आमी हितं हाय का न्हाई, ते तुमच्या डोळ्यांनी बगून सांगा."

साहेब चुलींच्या ओळीकडं बघू लागले. आणि तेव्हाच मला वरची माणसं बाजूला होताना दिसली. नाना बांध उतरून येत होते. वहाणा त्यांनी बांधावर काढून ठेवल्या होत्या आणि काठी टेकत ते नीट माझ्या चुलीच्या रोखानं येत होते. मला वाटलं, पायानं उडवणार आता. त्यांचंही निम्मं पीक मी जाळलं होतं, त्यांना तो हक्क होता. मी परात मागं ओढली.

नाना माझ्या चुलीसमोर उकिडवे बसले. गुडघे धरून, सावकाश.

"भाकरी हाय का, सुंदरा?" ते म्हणाले.

मला ऐकलेलं खरं वाटेना. किती सुगी आम्ही एका खळ्यावर जोंधळा मळला होता, पाटीला पाटी मोजून वाटून घेतला होता. पण जेवायच्या वेळी ते त्यांच्या बाभळीखाली आणि मी माझ्या. त्यांच्या घरात आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं. चुलीमागं पाणी ही रीत त्यांनी घातली, माझ्या चुलीच्या राखेत त्यांनीच हात घातला होता, पण तो हात ते घरी जाऊन धुतात हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. कुणी कधी बोललं नव्हतं इतकंच. पाणी देतात ना, मग बाकीचं कशाला काढा.

"शिळी हाय," मी कसंबसं म्हटलं. "ताजी टाकू?"

"टाक."

"नाना," वरून मोहिते ओरडले, "काय चाललंय? उठा तितनं."

"जेवतोय," नाना म्हणाले. मग त्यांनी मान वर न करता साहेबांना सांगितलं, "साहेब, दोन दिस मी घरात जेवाय बसलो, पर घास खाली उतरंना. ही बाई म्हणाली, तुमी किती वर्सं हाय? बराबर ईचारलं तिनं. म्या गेल्यावर माझा शब्द कुणी पाळायचा? तवा आजच सांगतो. ह्या चुलींच्या पाळ्या झाल्याबिगर गलांड्यांच्या एकाबी रानात पाणी जाणार न्हाई. माझी पाळी सगळ्यांच्या मागनं. तुमी गेटापाशी मोजून द्या आनि मोकळं व्हा. खाली कुणाला किती, ते आमचं आमी बगतो."

निम्मं गाव गलांड्यांचं. वर थोडी कुजबुज झाली, पण नानांच्या पुढं होऊन नाही म्हणायला कुणी आलं नाही. त्यांचा थोरलासुद्धा नाही.

साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. मग बांधावर चढून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खातं गेटवर पाणी मोजून देईल. गेटच्या खाली वाटप कसं होतं, ते खातं बघणार नाही. चावी पाटकऱ्याला द्या."

मोहित्यांनी चावी दिली. इलाही उठून चक्रापाशी गेला. चारीत धांदल उडाली. बायांनी निखारे घमेल्यात भरले, दगड उचलले, भराभरा वर चढल्या. त्या साली माझा जोंधळा निम्माच भरला, निम्म्याचा कडबा झाला, नानांचाही आणि माझाही. पण पुढच्या सुगीला पाळ्या पुकारल्या त्या चुलीमागंच, आणि आजही तशाच पुकारतात.

त्या वेळी मात्र चारीत फक्त माझी चूल पेटलेली होती. मी आणि नाना, दोघंच खाली.

"सुंदराक्का, सोडू का?" इलाहीनं वरून विचारलं.

"थांब," मी म्हटलं. "एक भाकरी व्हायचीय."

"अगं, साहेब उन्हात उभं हायती," मोहिते म्हणाले.

"उभं ऱ्हाऊ द्या."

मी गोळा घेतला आणि नेहमीपेक्षा अंमळ सावकाशच थापला. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, सुकल्यावर उलटली. मग तवा उतरवून निखाऱ्याला लावली आणि फिरवत राहिले. बांधावर साहेब उभे होते, सरपंच उभे होते, हवालदार उभा होता, सगळं गाव उभं होतं. त्यांच्या पाठीमागं सरकारचा भरलेला तलाव थांबला होता. भाकरी टम्म फुगली. ती मी नानांच्या हातावर ठेवली. त्यांनी पहिला घास मोडला, चावला, गिळला.

मग मी निखारे घमेल्यात भरले, नानांना हात देऊन वर घेतलं आणि इलाहीला सांगितलं, "हं, सोड आता."